पडद्यापलीकडचं टेबल

विमल गेली त्याच्या दोन दिवस आधी मी दवाखान्यात तिच्यासाठी डोसा नेला होता. तिचं जेवण तुटलं होतं आणि डॉक्टर म्हणाले होते, आवडीचं काही आणून बघा. परभणीत आम्ही जिथं नेहमी जायचो त्याच हॉटेलातून बांधून आणला. तिनं पार्सल सोडूही दिलं नाही. म्हणाली, "डोसा असा कागदातला खायचा अस्तो का मास्तर? बरी झाले की जाऊ आपुन. आन् या टायमाला बाहेर बसायचं, पडद्याच्या आत न्हाई." मी म्हणालो, "बरं, बाहेर बसू." ती माझ्याकडे बघतच राहिली. मी इतक्या सहज कबूल होईन असं तिला वाटलं नसावं... तिला जाऊन आता सात आठवडे झाले. बायकोला दिलेला तो शेवटचा शब्द, आणि तेवढा पाळायला मला वेळ मिळाला नाही.

आमचं घर मानवतचं, मी तिथल्याच शाळेत मास्तर. घरात सोवळं-ओवळं फार नव्हतं, पण इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय कुणी अन्नाला शिवायचं नाही, ही शिस्त कडक. तिथं घरी चूल पेटलेली असताना नवरा-बायकोनं हॉटेलात जाऊन खाणं म्हणजे मोठीच मस्ती. पण लग्नानंतर तीन महिन्यांनी विमलनं पहिल्यांदा डोसा खाल्ला आणि तिचं मन त्यावर बसलं. मग आम्ही महिन्यातून एका रविवारी एसटीनं परभणीला जाऊ लागलो. घरी सांगायचो, दवाखान्यात जायलोत. हे असं पाच-सहा महिने चाललं. एके दिवशी परत येऊन बघतो तर आईनं डिंकाचे लाडू करून ठेवलेले! "दर म्हैन्याला दवाखाना म्हन्ल्यावर कळत न्हाई का मला? सांगायला लाजायलाव कशापायी?" विमलनं मान खाली घालून ते सगळे लाडू खाल्ले. रात्री हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्या सुनंदाचा जन्म त्यानंतर दोन वर्षांनी झाला, आणि आई शेवटपर्यंत म्हणायची की लाडू वाया गेले.

त्या हॉटेलात मागच्या बाजूला लाकडी फळ्या ठोकून केलेल्या तीन खोल्या होत्या. प्रत्येकीला निळा पडदा, आणि वर पाटी, 'फॅमिली रूम'. मी पहिल्या दिवसापासून विमलला तिथंच बसवत आलो. आत पंख्याची हवा पोचत नसे, भिंतीला तेलाचा वास. तिला समोरच्या हॉलमध्ये खिडकीपाशी बसायचं असायचं. तिथून स्टँडकडे जाणारा रस्ता दिसतो. माणसं, ऑटो, बोरांची पाटी घेऊन बसलेल्या बाया, कुणाच्या लग्नाचा बस्ता... तिला बघायची भारी हौस. दोन बोटांनी पडदा सारून ती बघायची आणि मी म्हणायचो, "सोड तो पडदा. लोक बघायलेत." एखादा पालक निघाला, एखादा विद्यार्थी निघाला तर? मास्तर बायकोला घेऊन डोसे खायलाय, अशी चर्चा मानवतभर होईल, ही माझी भीती. हसण्यासारखी होती, पण मी ती निवृत्त झाल्यावरही सोडली नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ते माझ्यासारख्यांसाठीच.

एकदा मी हात धुऊन येईपर्यंत ती खिडकीच्या टेबलाशी जाऊन बसली होती. पदर नीट करून, पर्स मांडीवर घेऊन, नव्या शाळेत पहिल्या बाकावर बसावं तशी. वेटरनं पाणीही ठेवलं होतं. मी नुसतं पाहिलं. माझी ती वर्गातली नजर तिला ठाऊक होती. ती उठली. स्वतःचा पाण्याचा ग्लास हातात घेऊन पडद्याआड आली आणि गुपचूप जेवली. परत येताना एसटीत, कोल्हा पाटीचा थांबा आला तेव्हा कुठे बोलली, "मी काय चोरी केली होती का मास्तर?" मी हसून वेळ मारून नेली. आज ते हसणं आठवलं की मला माझाच राग येतो.

आता घरात मी एकटा. सुनंदा पुण्याहून रोज फोन करते, "बाबा, जेवलात का?" मी "हो" म्हणतो. डबा येतो, बरा असतो. पण जेवताना कुणी बोलत नाही. मी घास चावल्याचा आवाज मलाच येतो आणि मग जेवणावरची वासना उडते.

मागच्या आठवड्यात बँकेच्या कामासाठी परभणीला गेलो. काम झालं, भूक लागली, आणि पाय आपोआप तिकडेच वळले. सवयीनं सरळ मागे गेलो, पडदा सारला, बसलो. नवा वेटर आला. त्यानं आधी मला पाहिलं, मग समोरच्या रिकाम्या बाकाला.

"काका, फॅमिली हाय का संगं?"

मीही त्या बाकाकडे पाहिलं.

"न्हाई म्हन्जे, हे फॅमिलीसाठी ठिवलंय. एकल्या मानसाला बाहेर बसावं लागतंय."

त्याचं काही चुकलं नव्हतं. मी उठलो. हॉलमध्ये खिडकीपाशीच जागा होती. डोसा मागवला. आजूबाजूला पंधरा-वीस माणसं जेवत होती. त्यांतला एक तर माझा जुना विद्यार्थी होता. मी अर्धा तास बसलो. कुणीही मान वर करून पाहिलं नाही. विद्यार्थ्यानं जाताना नमस्कार केला, "बरंय ना सर?" म्हणाला आणि मोबाइल कानाला लावून निघून गेला. एवढंच. ज्या लोकांच्या भीतीनं मी तिला आयुष्यभर त्या कोंदट खोलीत जेवायला लावलं, ते लोक हे. त्यांना आपापल्या ताटापुढे सवडच नव्हती... मी तिथंच रडलो. तेही कुणी पाहिलं नाही.

काल पुन्हा गेलो. त्याच टेबलाशी, पण रस्त्याकडे पाठ करून बसलो. हॉटेल भरलेलं होतं. शेजारच्या टेबलावरचा एक माणूस बायको-पोरांसाठी आणखी खुर्ची शोधत आला आणि माझ्या समोरच्या खुर्चीला हात लावून म्हणाला, "काका, ही रिकामीच हाय ना? घेऊ का?"

"नको," मी म्हणालो, "तिथून रस्ता दिसतो."

त्याला काही कळलं नाही. माझ्याकडे बघत तो दुसरी खुर्ची शोधायला गेला.