झाकलेली न्याहारी

सकाळी फोन वाजला की अजूनही मी तो लगेच उचलत नाही. त्या दिवशी दौंडच्या दवाखान्यातून भाच्याचा फोन होता. "मामा, आबा गेले... रक्ताची उलटी थांबलीच न्हाई." कवठे येमाई गावी माझ्या घरात मी फोन कानाला लावून उभा राहिलो. दुःख नंतर आलं, आधी भीती आली. कारण मला ठाऊक होतं.

गेले ते माझे दाजी, धाकट्या बहिणीचे, सुमनचे यजमान. खुटबावला त्यांचा शेवंतीचा मळा. आमवातानं सकाळी बोटं अशी सुजायची की फूल खुडता येत नसे. दुखण्यावरची गोळी ते न्याहारीची भाकरी खाऊन घेत. मीच त्यांना सांगितलं, संध्याकाळी लवकर जेवायचं, मग थेट दुसऱ्या दिवशी दुपारी. मधे पोट रिकामं राहिलं की अंगातली सूज उतरते. मोबाइलवर ऐकलं होतं, आणि माझे गुडघे खरंच हलके झाले होते.

"एकादशीला दुप्पट खिचडी खाणारा माणूस मी," दाजी हसले. "मला कसला उपास घालता, आप्पा?"

पण धरला, आणि सूज उतरली. एकदा मूठ घट्ट मिटून दाखवली अन् म्हणाले, "आता तुमाला बुक्की मारता येती." मग भेटेल त्याला ते हेच सांगू लागले. मलाही फुशारकी वाटायची.

सुरुवातीलाच त्यांनी विचारलं होतं, "सकाळच्या गोळीचं काय मग? भाकरीबिगर?" मी म्हणालो, "पाण्यानं उपास मोडत नाही. पाण्याबरोबर घ्या." डॉक्टरांना विचारा, असं माझ्या तोंडून निघालं नाही.

पुढं पोटात जळजळ सुरू झाली. सुमन भाकरीचा तुकडा पुढं करायची, तर "धरलेला उपास मोडायचा न्हाई" म्हणत ते घड्याळाकडं बघत बसायचे. देवाच्या उपासाचा नेम त्यांनी सुजेच्या उपासाला लावला... डॉक्टर नंतर म्हणाले, उपाशी राहून काहींची सूज कमी होतेही, पण ही गोळी रोज रिकाम्या पोटी घेतली तर जठराला जखम होऊ शकते, आणि ती आतल्या आत वाहत राहते.

दशक्रियेला घाटावर बायका कुजबुजल्या, बायकोनं सकाळचं खायलाच घातलं नाही म्हणे. सुमननं ऐकलं, मान खाली घातली, पण माझं नाव घेतलं नाही. तिनं न्याहारी बंद केली ती माझ्या शब्दावरून. हे लोकांना कळावं म्हणून लिहितो आहे. आणि दुसरी भीती तर जातच नाही. दाजींचं ऐकून खुटबाव-कासुर्डीकडं अजून कोण कोण उपाशीपोटी तीच गोळी घेत असेल? घेत असाल तर आजच डॉक्टरांना विचारा.

परवा सुमनकडं मुक्कामाला होतो. सकाळी ओट्यावर दाजींची ताटली दिसली, तिच्यावर दुसरी पालथी. दुपारपर्यंत त्यांची भाकरी अशी झाकून ठेवायची तिची सवय अजून सुटलेली नाही. माझ्या हातात गुडघ्याची गोळी होती, पुढ्यात पाण्याचा तांब्या. तिनं वरची ताटली काढली.

"आधी खा, आप्पा."

मी घास तोंडात घातला. ती माझ्या तोंडाकडं बघत नव्हती, मुठीतल्या गोळीकडं बघत होती.