नंदिनीवर राज्य नव्हतं

हसा खुशाल, मी काही रागावणार नाही. फक्त मधेच "मग पोरगी सापडली का हो?" असं विचारू नका. तो प्रश्न कानावर आला की अजूनही मी आधी फाटक बघायला धावते.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. हे नाव आमच्या खुद्द मुख्याध्यापिका बाईंना तीन वर्षांत एकदाही धड उच्चारता आलेलं नाही, तुम्हीही प्रयत्न करू नका. विशेष मुलांना शर्टाचं बटण लावणं, चमचा धरणं, झोक्यावर न घाबरता बसणं असं रोजचं जगणं शिकवायचं, हे माझं काम. तीन दिवस जळगावच्या शाळेत, तीन दिवस धुळ्याच्या. हा पराक्रम धुळ्याच्या शाळेतला.

तिथे नंदिनी आहे. आठ वर्षांची, बोलत नाही, पण डोळ्यांनी अख्खी शाळा चालवते. आईबाप सुरतेला कामाला, ही आजोबांजवळ साक्रीच्या रस्त्यावरच्या एका गावात. आजोबांना सगळे आबा म्हणतात. जुने पहिलवान. हाताचा पंजा एवढा, की माझं डोकं त्यात लिंबासारखं बसेल.

तर त्या दिवशी सकाळी अकराला मी नंदिनीबरोबर लपाछपी खेळत होते. खेळ नाही हो, थेरपी! वाट पाहणं, नियम पाळणं, सगळं त्यात येतं. मी भिंतीकडे तोंड करून मोजायला लागले. बारावर पोचते न पोचते, तोच बाईंची हाक.

"मॅडम, दोन मिनिटं या हो! तपासणीचा कागद बघायचाय."

आणि मी गेले! पोरीला लपायला लावून, दार सताड उघडं टाकून, गेले! सरकारी कागदाची दोन मिनिटं किती लांब असतात ते तुम्हाला मी सांगायला नको. परत आले तेव्हा वीस मिनिटं झालेली.

"नंदिनी कुठेय? नंदिनी कुठेय?" असं गाणं म्हणत मी गादीमागे पाहिलं. ती नेहमी तिथेच लपते, पाय बाहेर ठेवून. आज पाय नव्हते. पडद्यामागे नाही. कपाटात नाही. टेबलाखाली नाही.

गाणं तिथेच थांबलं.

खिडकीतून पाहिलं, तर मागचं फाटक उघडं! पाण्याचा टँकर येऊन गेला होता. आणि फाटकाबाहेर काय? सुरतेचा हायवे! गुजरातकडे जाणारे ते डोंगराएवढे ट्रक! 

"मावशी!" मी खिडकीतूनच ओरडले.

सखुमावशी, आमच्या शाळेच्या मदतनीस, संडासापासून गच्चीपर्यंत धावून आल्या. "बठ्ठा वर्ग देखात, मॅडम. कोठेच नई पोर!" सगळे वर्ग पाहून झाले होते.

मग जे सुरू झालं! बाई हायवेवर उभ्या राहून ट्रकवाल्यांना हात करताहेत. टपरीवाला चहा उकळत सोडून शेताकडे पळाला. रिक्षावाल्यांनी दोन्ही बाजूंना रिक्षा पिटाळल्या. आणि मी? मी शाळेमागच्या विहिरीच्या जाळीवर ओणवी होऊन आत बघत होते. जाळी कुलूपबंद, मांजरसुद्धा आत जाऊ शकत नाही, पण भीतीला कुलूप दिसतं का हो? मला त्या काळ्या पाण्यात नंदिनीचा निळा फ्रॉक दिसत होता! खरंच दिसत होता! तो आभाळाचा तुकडा होता, हे मावशींनी मला दंडाला धरून सांगितलं.

"आबांना फोन करा," बाई म्हणाल्या. "करायलाच हवा."

मी केला. कसा केला ते विचारू नका. "आबा, नंदिनी... दिसत नाहीये," एवढंच बोलले.

 पलीकडून एवढंच आलं, "मी निंघनू. तठेच ऱ्हा."

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण नुसतं, तिथेच राहा! मी थेरपीच्या खोलीत आले आणि रंगीत चेंडूंच्या हौदाच्या काठावर, त्याच्याकडे आणि खोलीच्या दाराकडेही पाठ करून बसले. त्या हौदात मी पाहिलं का? नाही! कशाला पाहू? चेंडू अंगाला लागले की नंदिनी किंचाळायची. तीन महिने मी तिला त्यात एक पाय तरी घालायला शिकवत होते आणि तिनं एक बोटसुद्धा बुडवलं नव्हतं. मीच लिहिलं होतं तिच्या वहीत, 'प्रगती नाही'.

बाहेर मोटारसायकल थांबली. जड पावलं आली, दारापर्यंत. मान वळवायची हिंमत होईना. मी ओंजळीत तोंड घालून रडायला लागले.

आणि फाडकन पाठीत बसली!

"मारा, आबा!" मी डोळे मिटूनच ओरडले. "अजून मारा! हक्कच आहे तुमचा! मी नालायक आहे, मी पोर हरवली, माझं लायसन काढून घ्या, मला तुरुंगात टाका..."

"मॅडम," आवाज लांबून, दारातून आला. "मी ते आठे शे. मी कशाले मारू तुमले?"

आबा तर तिथे दारात, मग मारलं कुणी?

वळले. चेंडूंच्या हौदात, कमरेपर्यंत चेंडूंत, डोक्यावर एक पिवळा चेंडू घेऊन नंदिनी उभी! पाऊण तास आत पालथी पडून राहिली होती. एवढा गाव हाका मारत होता, पण सापडल्याशिवाय बाहेर कसं यायचं? नियम तो नियम!

मी तिला मिठी मारायला गेले, तर तिनं हातानं मला ढकललं आणि भिंतीकडे बोट दाखवलं.

आबा दाराच्या चौकटीला टेकले. त्या भल्यामोठ्या पंजानं त्यांनी आधी डोळे पुसले.  मग म्हणाले, "मॅडम, धप्पा पडना ना? राज आखो तुमनावरच!"

पुन्हा राज्य माझ्यावरच, काय करणार? सगळी शाळा दारात जमली होती. मी भिंतीकडे तोंड केलं, डोळ्यांवर हात ठेवले आणि मोजायला लागले. पण तीनवरच वळले. आहे ना? आहे. पुन्हा पाचवर वळले. मग सरळ बोटांच्या फटीतूनच बघत मोजलं.

तेव्हापासून धुळ्याच्या त्या शाळेत एकही मूल माझ्याशी लपाछपी खेळायला तयार नाही. म्हणतात, मॅडम रडीचा डाव खेळतात.