नवव्या घरातला पंप

त्याला सगळी गल्ली बेडूक म्हणायची, आणि तोंडावर म्हणायची. भिंतीला भिंत लावून उभ्या असलेल्या त्या नऊ घरांच्या पायात झिरपणारं पाणी उपसण्यात त्याची तीस वर्षं गेली होती. प्रत्येक घराच्या तळखोलीत एक खड्डा, खड्ड्यात पंप आणि पंपाशी ओणवा बेडूक. लोकांना त्याच्या चेहऱ्यापेक्षा टक्कलच जास्त ओळखीचं होतं. पण त्यानं बसवलेला पंप दगा देत नाही, हे त्याच्या वाईटावर टपलेलेही कबूल करत. त्या एका शब्दावर त्याचं पोट होतं.

नववं घर उताराच्या टोकाला. वरच्या आठांचं पाणी शेवटी त्याच्याच पायाशी यायचं, आणि नेमकी तिथेच त्याची थोरली बहीण नांदत होती. दाजी पुस्तकबांधणी करायचे. तळखोलीत गिऱ्हाइकांच्या कागदांच्या थप्प्या. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. बेडकानं पंप बसवला तेव्हा ते म्हणाले होते, "एक पान जरी भिजलं, तर या दारात पाय ठेवायचा नाही."

पाणी चढलं की खड्ड्यातला फ्लोट तरंगत वर येतो आणि पंप आपोआप सुरू होतो. सुरू झाला की घरघरतो. सामाईक भिंतीपलीकडची आठव्या घरातली म्हातारी मग काठीनं भिंत ठोकायची, आणि बोलणी बहिणीला खावी लागायची. पलीकडून म्हातारीची, अलीकडून नवऱ्याची.

त्या वर्षी दोन दिवस संततधार लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी दाजींच्या तळखोलीत गुडघाभर पाणी होतं आणि कागद पावासारखे फुगले होते. बेडूक धावत आला, खड्ड्यात खांद्यापर्यंत हात घातला आणि तसाच थांबला. फ्लोट खाली पाइपाला बांधलेला होता. दोरा दाजींच्या बांधणीचा, मेण लावलेला. गाठ मात्र त्याच्या आईची, दुहेरी फासाची. जगात आता ती या दोघा भावंडांनाच येत होती.

"काय सापडलं?" जिन्यावरून दाजी ओरडले. मागे पदराचा बोळा तोंडाशी धरून ताई उभी होती.

खरं सांगितलं तर हा माणूस तिला जन्मभर सुखाचा घास खाऊ देणार नाही, हे बेडकाला ठाऊक होतं. त्यानं पाण्यातच दोरा कापला आणि मुठीत धरला.

"फ्लोट अडकला होता, दाजी. चूक माझी."

ताई काहीतरी बोलेल असं त्याला वाटलं. ती बोललीही.

"मी केव्हाची सांगतेय, घरच्या माणसाला काम देऊच नये," ती नवऱ्याला म्हणाली.

दाजींनी त्याला ओल्या कपड्यांनिशी बाहेर काढलं आणि दुपारपर्यंत आठही घरांत डांगोरा पिटला. बेडकाला मग कुणी बोलावलं नाही. तीस वर्षांची पुण्याई एका दोऱ्यापायी पाण्यात गेली. भाच्याच्या लग्नाचंही त्याला बाहेरूनच कळलं, आणि त्या दिवशी तो मुलासारखा रडला.

पुढल्या वर्षी एका दुपारी ताईचा फोन आला. तिचा आवाज ऐकूनच त्याला भरून आलं. बाहेर सकाळपासून पाऊस कोसळत होता.

"अरे, नव्या मिस्त्रीचा पंप तर जास्तच ओरडतो," ती हलक्या आवाजात म्हणाली. "म्हातारी भिंत ठोकून जीव खातेय. थोडा वेळ बंद कसा ठेवायचा, तेवढं सांग ना."

एवढ्यासाठी फोन होता तर.

"मागच्या वेळी केलंस तसंच कर," तो म्हणाला. "आईच्या गाठीनं."

पलीकडे तिनं दार लोटून घेतल्याचा आवाज आला. त्याला वाटलं, आता तरी रडेल.

"ह्यांना सांगणार नाहीस ना?" ती म्हणाली.

"नाही सांगत," बेडूक म्हणाला. "जरा घट्ट बांध."