भांडायला माणूस पाहिजे

माझ्या मामेसासऱ्यांइतका भांडकुदळ आणि तरीही सगळ्यांना हवाहवासा वाटणारा माणूस अख्ख्या खानदेशात दुसरा झाला नसेल. सावद्याच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं ड्रॉइंग शिकवलं, पण गावाला ते आठवतात वाद घालणारे म्हणून. दुकानदाराने गूळ पिवळा म्हटला की हे तांबडा म्हणणार. माझ्या लग्नात त्यांनी भटजींशी मुहूर्तावरून अशी काही हुज्जत घातली की मुहूर्तच टळायची वेळ आली. आणि अक्षता पडल्यावर त्याच भटजींच्या शेजारी बसून, आग्रह करकरून त्यांच्या पानात जिलेबी वाढायला लावली. राग म्हणून नव्हताच त्यांच्यात. वाद ही त्यांची विचारपूस करायची पद्धत होती.

मामी गेल्यावर मुलांनी त्यांना जळगावला नेलं. मुलं गुणी, सुनाही गुणी. दूध वेळेवर, औषध वेळेवर. तरी सहा महिन्यांनी मामा एक ट्रंक घेऊन एस.टी.त बसले आणि धुळ्याच्या एका वृद्धाश्रमात जाऊन राहिले. वृद्धाश्रम हा शब्दच तेव्हा आमच्याकडे शिवीसारखा. थोरला मुलगा पडलेल्या चेहऱ्याने माझ्याकडे आला. "लोक म्हणतील, पोरांनी बापाला हाकललं. ते तुमचं ऐकतात. घेऊन या त्यांना." ऐकतात ही अफवा होती, पण मी गेलो.

मामा व्हरांड्यात मजेत बसले होते. "जावईबापू, घरी मले कोनी तरास नाही दिला. 'जेवले का' इचारतात, 'झोप लागली का' इचारतात. हो म्हनलं की चालले आपल्या कामाले. माह्यासंग वाद घालाले कोनाले टाइम हाये?"

पण आश्रमातही शांतताच होती. पंधरावीस म्हातारी माणसं आपापल्या खाटेवर मुकाट बसून असत. मामांच्या शेजारचे चाळीसगावचे कंपाउंडर तर भिंतीकडे तोंड करून जेवत; मुलगा सोडून गेल्यापासून कुणाशी बोललेच नव्हते म्हणे. मामांनी पंधरा दिवस त्यांच्यावर नाना विषय टाकून पाहिले. राजकारण झालं, केळीचा भाव झाला, कंपाउंडर हलेनात. शेवटी हिवाळ्यात मामांनी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीवर वांगी भाजून भरिताचा घाट घातला आणि सगळ्यांदेखत कढईत मिरच्या तळायला टाकल्या. भिंतीकडचं तोंड गर्रकन वळलं. "तुले भरीत काय समजस रे, मास्तर! मिरची भाजेल पाहिजे, तळेल नही!" मामांनी मोठ्या आनंदाने कढई उतरवली आणि दोन तास भांडण केलं. बायकाही पुढे सरसावल्या, कुणी कांद्याच्या पातीवरून, कुणी शेंगदाण्यावरून. त्या दिवशी भाकऱ्या कमी पडल्या.

पुढे दोन वर्षांनी मामांना न्यूमोनिया झाला. थोरल्याने त्यांना जळगावला आणलं, रात्रंदिवस केलं, आणि बरे झाल्यावर निक्षून सांगितलं, "आता परत जायचं नाही." आश्चर्य म्हणजे मामांनी वाद घातला नाही. नुसती मान हलवली. त्या मान हलवण्यानेच आम्ही घाबरलो. पेपर उघडायचे आणि तसाच ठेवून द्यायचे.

एका सकाळी मी त्यांना भेटायला गेलो होतो, तर दारात नऊ म्हातारे आणि चार म्हाताऱ्या उभ्या. धुळ्याहून एस.टी.ने आलेले. पुढे कंपाउंडर. चप्पल काढता काढताच ओरडले, "मास्तर, आठे काय झोपी ऱ्हायना? तठे आश्रममा मनासंगे भांडाले कोनी नही!"

मामा ताडकन उठून बसले. "कोन झोपलं? मी इचार करू राह्यलो!" पुढचा तासभर घरात कुणाचंच बोलणं कुणाला ऐकू आलं नाही. सुनांनी चहाचं पातेलं तीनदा चढवलं. थोरला दाराला टेकून वडिलांकडे पाहत होता. शेवटी तो आत गेला आणि ट्रंक काढून त्यात त्यांचे कपडे भरू लागला. स्वेटर ठेवताना थांबला, पुन्हा उलगडला, नीट घडी घातली.

दुपारच्या गाडीने मंडळी मामांना घेऊन गेली. थोरला आणि मी, आम्ही दोघं स्टँडवर राहिलो. इतक्या वर्षांत तो माझ्याशी कामापलीकडे बोलला नव्हता. तरी म्हणाला, "चहा घेऊ या का?" चहा निवला. तो लहानपणचं सांगत होता. ताप आला की वडील उशाशी बसून कागदावर वाघ काढून देत, शेपटी मात्र त्याच्याकडून काढून घेत. एकामागून एक गाड्या लागत होत्या, सुटत होत्या. आम्ही दोघंही उठलो नाही.