'उद्या येऊ नका'च्या वत्सलाताई

वत्सलाताई तळगावकर यांना मी प्रथम भेटलो ते दादरच्या एका संकलन खोलीत. मी तेव्हा नवखा संकलक होतो आणि दुसऱ्यांचे चित्रपट कापूनकुपून नीट करण्यात मला फार हुशारी वाटत असे. ताई टॅक्सीतून रिळांचे डबे घेऊन आल्या. सोबत कोणी नव्हतं. वरळीच्या बीडीडी चाळीत राहणाऱ्या, बालवाडीत शिकवणाऱ्या आणि कामगार रंगभूमीवर एकांकिका लिहिणाऱ्या या बाईंनी चित्रपट लिहून दिग्दर्शित केला आहे, एवढंच मला सांगण्यात आलं होतं.

त्यातला एक शॉट मला खटकला. चाळीतल्या खोलीचं उघडं दार, बाहेर रिकामी गॅलरी, बस्स. काही घडत नाही, कोणी येत नाही. मी म्हणालो की हा शॉट फार लांबला आहे, प्रेक्षक कंटाळतील, अर्धा करू या. ताईंनी आवाज चढवला नाही. त्या म्हणाल्या, "अहो, माझ्या दारात यापेक्षा जास्त वेळ गेलाय."

मी शॉट कापला नाही. त्यानंतर त्या चित्रपटात मी फार काही कापलंच नाही.

ताईंचे यजमान अनंतराव गिरणीत होते. संप झाला, गिरणी पुन्हा सुरू झाली नाही, तेव्हा त्यांनी रे रोडला लाकडाच्या एका वखारीत काम धरलं. एका सकाळी ओंडक्यांची रास घसरली आणि ते त्याखाली गेले. ताई तेव्हा तिशीच्या आतबाहेर होत्या. पुढे कित्येक महिने संध्याकाळी जिन्यावर अनंतरावांची पावलं वाजत, असं त्या सांगतात. त्या पान वाढून ठेवत. शेजारपाजारच्यांना कळत होतं, पण कोणी विषय काढला नाही. चाळीत खोल्यांच्या भिंती पातळ असतात. तरी काही गोष्टी लोक ऐकू आल्या नाहीत असं दाखवतात. ताई याला शेजारधर्म म्हणतात.

यातूनच 'उद्या येऊ नका' झाला. त्यातली बायको रोज संध्याकाळी मेलेल्या नवऱ्याला जेवायला वाढते. तो येतो, जेवतो, दिवसभराचं विचारतो, जातो. वर्षं जातात. तिचे केस पांढरे होतात, तो मात्र गेला त्या वयाचाच राहतो. शेवटी एका संध्याकाळी ती त्याला सांगते की उद्यापासून येऊ नका. तो जातो. चित्रपट संपतो. पैसे घातले लालबागच्या एका मसाल्याच्या व्यापाऱ्यांनी, दादा शिरसाटांनी, तेही ताईंच्या एकांकिका त्यांना आवडत म्हणून. चित्रपट एक आठवडा चालला. नंतर तो दूरदर्शनवर लागला आणि मग लोक तो विसरले नाहीत. मला आजही एखादी अनोळखी बाई विचारते, "त्या जेवायला वाढणाऱ्या बाईचा सिनेमा तुम्हीच केलात ना?"

ताईंच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात त्यांच्या स्वभावाबद्दल अनेकांनी लिहिलं आहे. 'शांत', 'सोशिक', 'कुणाबद्दल कटू शब्द नाही' असे शब्द मी मुद्रितं वाचताना पुन्हा पुन्हा पाहिले. ज्यांनी ते लिहिले त्यांतल्या निम्म्या लोकांनी गेली काही वर्षं ताईंचा फोन उचललेला नाही. त्याबद्दल पुढे लिहीन. आधी मला माहीत असलेल्या ताईंबद्दल सांगतो.

माझी पत्नी गेली तेव्हा आमच्या गिरगावच्या घरी माणसं येत होती, धीर देत होती. ताई आल्या आणि थेट मोरीत शिरून साचलेली भांडी घासू लागल्या. मी सवयीने दोन कप चहा केला होता. दुसरा कप कुणासाठी, हे त्यांनी विचारलं नाही. पदराला हात पुसत म्हणाल्या, "काही दिवस ठेवा तिच्यासाठी. हरकत नाही. मग एके दिवशी तुम्हीच तिला सांगा, उद्यापासून नाही म्हणून. दुसऱ्या कुणाला सांगू देऊ नका." पुढचे काही महिने मी दोन कप करत होतो. कधी थांबवलं ते सांगत नाही, पण मीच थांबवलं.

अशा बाईंकडे काही वर्षांपूर्वी हिंदीतले एक मोठे निर्माते आले. त्यांचं नाव मी लिहीत नाही. ते पंचाहत्तरीच्या सोहळ्याच्या निमंत्रणपत्रिकेवर ठळक अक्षरांत आहे. दादा शिरसाट वारले होते आणि त्यांच्या चिरंजिवांनी चित्रपटाचे सगळे हक्क, नव्याने बनवण्यापासून जुना दाखवण्यापर्यंतचे, या निर्मात्यांना विकले होते. ताईंची परवानगी कायद्याने लागत नव्हती. ताईंनी चिरंजिवांना दोष दिला नाही. त्याच्या बापाचं होतं, त्याने विकलं, असं म्हणाल्या. तरी निर्माते ताईंकडे आले, कारण मूळ लेखिकेचा आशीर्वाद छायाचित्रात चांगला दिसतो.

मी त्या दिवशी तिथे होतो. ताईंनी त्यांना पोहे केले आणि एकच गोष्ट मागितली. बाकी काय हवं ते करा, गाणी घाला, परदेशात न्या, पण शेवट बदलू नका. तिने त्याला निरोप द्यायलाच हवा. निर्मात्यांनी ताईंचे दोन्ही हात हातात घेतले आणि त्यांच्या घरात, अनंतरावांच्या फोटोसमोर, शब्द दिला.

शूटिंगला ताईंना एकदा नेलं. दिवसभर एका खुर्चीवर बसवलं, फोटो काढले, संध्याकाळी घरी सोडलं. मग चित्रपट पुरा झाला तेव्हा अंधेरीच्या एका छोट्या थिएटरात खास खेळ ठेवला. ताईंनी मला सोबत नेलं. नवीन गोष्टीत नायक मधुचंद्राच्या वाटेवर गाडीच्या अपघातात मरतो, बर्फाच्या डोंगरावर निळ्या प्रकाशात परत येतो, दोघं नाचतात, पुन्हा नाचतात. आणि शेवटी नायिकेच्या प्रेमाने त्याच्या छातीत श्वास येतो. तो जिवंत होतो. वरून फुलं पडतात.

दिवे लागले. निर्माते हसत आले आणि ताईंना कसं वाटलं ते विचारलं. ताई म्हणाल्या, "तुमच्या सिनेमातली मुलगी त्याला एकदाही जेवायला वाढत नाही."

ते हसले. ताई हसल्या नाहीत. तुम्ही मला शब्द दिला होतात, असं त्या म्हणाल्या, तेव्हा निर्मात्यांनी त्यांना समजूत घातल्यासारखं सांगितलं, "ताई, ऑडियन्सला घरी हॅपी पाठवायला लागतं. हीरो मेला तर मेलाच, असं आता नाही चालत."

परतताना टॅक्सी वरळीला आल्यावर ताईंनी मला एवढंच विचारलं की त्याला जिवंत करणं एवढं सोपं होतं, तर मी काय करत बसले होते.

पुढे एका मोठ्या हॉटेलात पत्रकारांसाठी कार्यक्रम झाला. ताईंना मंचावर बसवलं होतं. एका पत्रकार मुलीने विचारलं की तुमची गोष्ट नव्या रूपात पाहून काय वाटतं. ताईंच्या हातात कागद दिलेला होता, त्यावर कृतज्ञतेची चार वाक्यं होती. त्यांनी तो घडी करून बाजूला ठेवला.

"चित्रपट देखणा आहे," त्या म्हणाल्या. "मुलांनी मेहनत केली आहे. पण यात कोणी मेलेलंच नाही. त्यामुळे माझ्या गोष्टीशी त्याचा काही संबंध नाही."

एवढंच. आवाज शांत होता. त्या अर्थाने आमचे सहलेखक बरोबर लिहितात. दुसऱ्या दिवशी ते सगळीकडे छापून आलं आणि महिन्याभरात ताईंच्या घरचा फोन वाजायचा थांबला. ज्या नाट्यस्पर्धेच्या परीक्षक त्या दर वर्षी असत, तिथे त्या वर्षी 'तरुणांना संधी' द्यायचं ठरलं. एका संस्थेने व्याख्यान पुढे ढकललं, ते अजून पुढेच आहे. हे सगळं सोसता आलं असतं. पण दादरच्या एका छोट्या चित्रपट मंडळाने 'उद्या येऊ नका' दाखवायचं ठरवलं, तेव्हा त्यांना वकिलाची नोटीस आली. जुन्या चित्रपटाचे हक्क नव्या निर्मात्यांकडे आहेत आणि तो दाखवायची परवानगी नाही. लोकांनी दोन्हींची तुलना करू नये म्हणून जुना कपाटात बंद झाला. इंटरनेटवर कुणी चढवलेल्या प्रतीही काढून टाकल्या गेल्या. आज आमच्या नातवंडांना ताईंचा चित्रपट पाहायचा म्हटला तर पाहता येत नाही. आपल्या आयुष्यात एकच चित्रपट केलेल्या बाईंचा तो एक चित्रपट.

आणि लोक? नवा चित्रपट दणकून चालला. ताईंच्याच मजल्यावरच्या एक बाई येऊन प्रेमाने सांगून गेल्या की ह्याचा शेवट बरा केला गो, तुझ्यात उगाच रडवलं होतंस. ताईंनी त्यांना चहा दिला. मला हे सांगताना मात्र त्यांच्या तोंडून मालवणी आलं, आणि ते छापण्यासारखं नव्हतं. सोशिकपणाचे दाखले देणाऱ्यांनी ही नोंद घ्यावी.

मग चाळी पाडायची वेळ आली. घरं मोकळी होऊ लागली, माणसं नव्या टॉवरची स्वप्नं पाहू लागली. निरोपाचा कार्यक्रम करायचं ठरलं. चित्रपट त्याच चाळीत, त्याच जिन्यावर झाला होता, तेव्हा तो इमारतींमधल्या पटांगणात दाखवावा असं चाळीच्या चिटणीसांनी सुचवलं. पडदा ठरला, फलक लागला. निर्मात्यांच्या कार्यालयातून एक फोन आला आणि फलक उतरला. चिटणीस ताईंकडे येऊन म्हणाले की वरून सांगणं आलंय, आपण ऑर्केस्ट्रा ठेवू या. ताई म्हणाल्या, ठेवा. गाण्यांच्या मध्ये मला थोडा वेळ आणि दोन पाट द्या.

चित्रपटात नवऱ्याचं काम केलेले नट केव्हाच गेले. ताईंनी मला बोलावलं. ते संवाद मी संकलनाच्या टेबलावर इतक्यांदा पुढेमागे फिरवले होते की ते मला पाठ होते. अभिनय मला येत नाही. ताई म्हणाल्या, नका करू, नुसते बसा आणि जेवा.

संध्याकाळी पटांगणात आम्ही समोरासमोर पाटावर बसलो. ताईंनी खरोखरचा भात आणि कुळथाची पिठी केली होती. मागे ढोलकीवाला ढोलकी ठोकून बघत होता, पुढच्या रांगेत लोक मोबाइलवर होते. सत्तरी ओलांडलेल्या ताई वाढत होत्या आणि मी जेवत होतो. मी विचारलं की आज बोलत का नाहीस. त्या म्हणाल्या, "मी म्हातारी झाले. तुम्ही तेवढेच आहात. उद्या लोक तुम्हाला माझा मुलगा समजतील." मग माझ्याकडे न पाहता, "उद्या येऊ नका."

मी म्हणालो, "आणि जेवण?"

"करीन. एकटीपुरतं करीन."

मी उठून गेलो. त्या पाटावर बसून राहिल्या. टाळ्या थोड्या पडल्या. लगेच माइकवरून मंडळींनी जेवून घ्यावं अशी घोषणा झाली आणि खुर्च्या सरकल्या. ज्या मुलाने हे मोबाइलवर टिपून इंटरनेटवर टाकलं होतं, त्याची चित्रफीतही आठवड्याच्या आत काढून टाकायला लावली.

पण त्या गर्दीत हिराबाई होत्या. वरळी कोळीवाड्याच्या हिराबाईंनी आयुष्यभर या चाळीत मासळी विकली. रिकामी पाटी खाली ठेवून त्या ताईंच्या शेजारी जमिनीवर बसल्या.

"माझा बी यायचा गो बाय," त्या म्हणाल्या. "दर्यावर गेला तो परत नाय आला. पन संध्याकाली दारात यायचा. मीच त्याला सांगितला, आता नको येऊ."

ताईंनी विचारलं, "मग?"

"मग नाय आला."

ताईंनी विचारलं की त्याला काय वाढायचीस. बोंबलाचं कालवण, हिराबाई म्हणाल्या, दुसरं त्याला काही चालायचं नाही. मग त्यात कोकम किती, तिखट किती, यावर दोघी बोलत बसल्या. ऑर्केस्ट्रा सुरू झाला, नव्या चित्रपटातलंच गाणं सुरू झालं, तरी त्या बोलत होत्या. इतक्या वर्षांत ताईंच्या चित्रपटावर मी पुष्कळ परीक्षणं वाचली. इतकं नेमकं कुणी लिहिलं नव्हतं.

आता ताईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. सोहळा दादरला आहे. प्रमुख पाहुणे तेच निर्माते आहेत आणि ताईंच्या कार्याची झलक म्हणून नव्या चित्रपटातल्या गाण्यावर मुली नाचणार आहेत. जुन्या चित्रपटाचा तुकडा दाखवायला परवानगी मिळाली नाही. समितीने मला हा लेख 'गोड आठवणींपुरता' ठेवण्याची विनंती केली. मी सांगितलं की छापायचा तर सगळा छापा. छापला गेला असेल तर समितीचा आभारी आहे.

ताईंना मी विचारलं की जाणार का. म्हणाल्या, "जाईन की. बोलावलंय तर जाईन. सत्काराला उत्तर द्यायचं असतं ना? तेव्हा सगळ्यांसमोर विचारीन, माझा सिनेमा कधी सोडता."

त्यांच्या गुडघ्यांना त्या मंचाच्या पायऱ्या चढायचं बळ मिळो. आवाज असाच स्वच्छ राहो, नजर चांगली राहो आणि भूक लागत राहो. हक्कांच्या कराराची मुदत लांब आहे. ताईंचं आयुष्य तिच्याहून लांब असो, आणि परळच्या एखाद्या थिएटरात पहिल्या रांगेत बसून त्यांना आपला चित्रपट पुन्हा पाहायला मिळो. ताईंच्या पश्चात तो मोठ्या महोत्सवात, हार घातलेल्या फोटोसह दाखवायची तयारी काही जणांनी आतापासून करून ठेवली असेल. त्यांना फार वर्षं थांबावं लागो.