स्टिअरिंग तपासणारे प्रेमानंदकाका

दुपारचे चार वाजले की आमच्या डोक्यावर खर्र-खर्र सुरू व्हायची. मनीषनगरातल्या आमच्या इमारतीत मी दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि घरी बसून पुस्तकांची प्रूफं तपासतो, त्यामुळे आवाज सोसायची माझी ताकद तशी कमीच. आधी वाटलं, वर कोणी फरशी कापत असेल. पण फरशीचं काम आठ दिवसांत आटोपतं. हे आटोपेना. नवव्या दिवशी मी जिना चढून वर गेलो.

दार कौसल्याकाकूंनी उघडलं. मी तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, "आवाजाचं सांगाले आले ना? या, तुमीच सांगा त्याइले. माझं कोण आयकते!"

आत हॉलमध्ये लोखंडी स्टँडवर मोटारीचं असावं तसं एक स्टिअरिंग घट्ट आवळून बसवलं होतं. समोर टीव्हीवर शर्यतीचा रस्ता दिसत होता. स्टिअरिंगपुढे काकूंचे यजमान प्रेमानंद गजभिये, वय बासष्ट, अंगात बनियन, डोळे मिटलेले. ते खेळत नव्हते. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवत पुटपुटत मोजत होते. शंभर झाल्यावर डोळे उघडले, चाकाच्या कडेवरची खडूची खूण पाहिली आणि वहीत काहीतरी लिहिलं.

"मधात येऊन नाही राहिलं," ते मला म्हणाले, जणू मी तेच विचारायला आलो होतो. "शंभर येळा फिरवलं का दोन बोटं डावीकडेच थांबते. कंपनीत असतं तर पास नसतं केलं म्या."

मी तक्रार करायची विसरलो आणि खुर्ची ओढून बसलो.

काकांनी हिंगण्याच्या कारखान्यात एकोणतीस वर्षं एकच काम केलं होतं. ट्रॅक्टरचं स्टिअरिंग तयार होऊन आलं की ते त्यांच्यापुढे यायचं. ते फिरवून पाहायचे. आपण स्टिअरिंग हलवलं आणि चाकापर्यंत ते लगेच पोचलं नाही, तर मधल्या त्या मोकळ्या हालचालीला कामगार 'प्ले' म्हणतात. यंत्र ते मोजायचंच, पण यंत्राच्या आधी काकांच्या मनगटाला कळायचं. त्यांचा शिक्का बसल्याशिवाय माल पुढे जात नसे. गंमत म्हणजे या माणसानं जन्मात स्वतःची कार घेतली नाही. कंपनीची बस आणि एक स्कूटर, एवढ्यावर सगळं निभावलं.

निवृत्तीनंतरचे सहा महिने घरच्यांना जड गेले. काका दारांचे कब्जे हलवून पाहत, नळाच्या चाव्या फिरवून पाहत, शेजाऱ्यांच्या सायकलींची हँडलं धरून मान हलवत. मग त्यांच्या मुलीनं, दीप्तीनं, गेमसाठी एक स्टिअरिंग घरी आणलं. दीप्ती मिहानमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि शर्यतीच्या गेमचा तिला नाद आहे. काकांनी येता-जाता त्याला हात लावला आणि म्हणाले, "याले प्ले आहे."

"बाबा, हे खेळण्याचं आहे," दीप्ती हसली.

"खेळण्याचं असो का शेतातलं. प्ले तो प्लेच."

तिनं इंटरनेटवर शोधलं, तर देशोदेशीचे लोक त्या मॉडेलबद्दल नेमकी तीच कुरकुर करत होते. तिथून हे सुरू झालं. दीप्तीनं मैत्रिणीचं एक स्टिअरिंग आणलं, मग सीताबर्डीतल्या एका दुकानदारानं परत आलेली दोन-तीन तपासायला दिली. काका सगळ्यांची एकसारखी परीक्षा घेत. चाकाच्या कडेला ताणकाटा अडकवून ते किती जोरानं हात ओढतं ते बघायचं. तासभर चालवून आतली मोटर किती तापली ते पालथा पंजा ठेवून पाहायचं. ब्रेकचा पॅडल हळूहळू दाबत पडद्यावरची गाडी कुठे दाद देते ते टिपायचं. दीप्ती त्याचे व्हिडिओ करून टाकायची. त्यात काकांचे फक्त हात दिसत आणि आवाज ऐकू येई. नाव ठेवलं होतं, 'हात काय म्हणते'.

"हे दातेवालं आहे," त्या दिवशी त्यांनी मला समजावलं. "आतमध्ये गिअर आहेत, ते खडखड करतेच. दुसरं पट्ट्यावालं, त्यात गिअरच्या जागी रबरी पट्टा, ते त्याहून मऊ. अन् हे वजनदार, याची मोटर सरळ दांड्यालेच लावली. याच्यात गोटा आला तर गोटा समजते, वाळू आली तर वाळू."

वजनदार स्टिअरिंग त्यांच्या यादीत पहिलं होतं. पट्ट्याचं, निळ्या रेघेचं, तिसरं.

दुसऱ्या दिवसापासून स्टँडखाली जुन्या टायरचे तुकडे आले, आवाज निम्मा झाला आणि चार वाजता मीच वर जाऊ लागलो.

दिवाळीच्या आसपास उमरेडहून एक निरोप आला. दीप्तीनं तो मोठ्यानं वाचला. लिहिणारी भावना ठाकरे. कमरेखालचं अंग चालत नाही, व्हीलचेअरवर असते. पॅडल वापरता येणार नाहीत, तर फक्त हातांनी चालवता येईल असं कोणतं स्टिअरिंग घेऊ?

काकांनी क्षणभर विचार केला. "आपल्याकडं तपासाले आलेल्या त्या काळ्यावाल्याच्या मागं दोन पट्ट्या आहेत ना, बोटानं दाबाच्या? एक एक्सिलेटर कर म्हणा, एक ब्रेक. ते घे म्हणा."

दीप्तीनं तसं कळवलं. पंधरा दिवसांनी भावनाचं उत्तर आलं. "काका, घेतलं. पण गाडी एकतर पूर्ण पळते, नाहीतर उभीच राहते. अर्धी चालत नाही."

काका उठले आणि काळं स्टिअरिंग काढून बसले. खरंच होतं. त्या पट्ट्या दिव्याच्या बटनासारख्या होत्या, चालू नाहीतर बंद. थोडं दाबलं तर थोडा वेग, असं त्यांत काही नव्हतं. काकांनी वही उघडली. त्या पट्ट्यांबद्दल वहीत एकही ओळ नव्हती.

ते वही मिटून म्हणाले, "एकोणतीस वर्षांत हात न लावता शिक्का नाही मारला गा कधी. इथं मारला."

"कळवते मी तिला, बदलून घे म्हणून," दीप्ती म्हणाली.

"कळवून नाही होत. जा लागते."

रविवारी मी त्यांना माझ्या गाडीनं उमरेडला घेऊन गेलो. वजनदार स्टिअरिंग मागच्या सीटवर चादरीत गुंडाळून ठेवलं होतं. यादीत जे पहिलं तेच तिला द्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. वाटेत ते रस्त्याकडे नाही, माझ्या हातांकडे पाहत होते. दिघोरी मागे पडल्यावर म्हणाले, "तुमची गाडी डावीकडे ओढते. दाखवून घ्या."

भावना चौतीस वर्षांची होती. अपघातापूर्वी सहा वर्षं ती स्वतःची शाळेची व्हॅन चालवायची. मुलांना सोडून रिकामी व्हॅन घेऊन परत येताना मागून ट्रकनं ठोकलं आणि पाठीचा कणा गेला. आता घरी ती आणि तिची आई रंभाबाई. काळं स्टिअरिंग टीपॉयला बसवलेलं होतं.

"जय भीम काका," ती म्हणाली. "तुमी काहून आले एवढ्या दूर? फोनवर झालं असतं ना."

"जय भीम बेटा. चालवून दाखव मले."

तिनं दाखवलं. गाडी सुटली, भिंतीला धडकली, थांबली. "पाहा. गल्लीत व्हॅन नेतो तशी न्याची म्हटलं तर नेताच येत नाही. लेकरं बसले असते त माझं काही खरं नव्हतं."

काकांनी चादर सोडून वजनदार स्टिअरिंग बसवलं. "पाय राहू दे, पॅडल मी हातानं दाबतो. आधी फक्त वळवून पाह्य. याच्यासारखं दुसरं नाही."

पहिल्या वळणाला ठीक चाललं. दुसऱ्या वळणावर पडद्यावरची गाडी घसरली, स्टिअरिंगनं जोराचा झटका दिला आणि त्या झटक्यासरशी भावना खुर्चीत आडवी झाली. रंभाबाईंनी धावत येऊन तिला खांद्याला धरलं. काकांनी तारच उपटली.

भावना सावरून बसली. "काका, तुमी पाय टेकवून बसता. मले टेकाले काहीच नाही. कमरेखालून धर नाही ना. ते ओढते तिकडे मी जातो."

काकांनी तिच्या खुर्चीकडे, मग स्टिअरिंगकडे पाहिलं. "मी हे पह्यल्या नंबरचं लिहिलं," ते म्हणाले. "माझ्याच बसण्याचा नंबर दिला मी."

परत आल्यावर त्यांनी दीप्तीची चाकांची खुर्ची घेतली, त्या खुर्चीची पाठ काढली आणि काकूंच्या जुन्या ओढणीनं स्वतःचे पाय एकत्र बांधले. सगळी स्टिअरिंगं पुन्हा पहिल्यापासून तपासायची. कमरेचा जोर लावायचा नाही, असा नियम. पहिल्याच दिवशी खुर्ची मागे सरकली आणि ते सोफ्यावर आपटले.

"अजी, च्या प्याले तरी पाय सोडा!" काकू ओरडल्या.

"भावना सोडते का च्या प्याले?" काका म्हणाले. दुसऱ्या दिवशी खुर्चीच्या चाकांमागे लावायला लाकडाचे दोन ठोकळे काकूंनीच शोधून आणले.

पंधरा दिवसांत यादी उलटीपालटी झाली. वजनदार शेवटी गेलं. निळ्या रेघेचं वर आलं, कारण त्याचा जोर कमी करता येत होता आणि केला तरी रस्ता हाताला कळत होता. पायांचा प्रश्न उरला होता. त्यावर काकांनी हिंगण्याला धोंडबांना गाठलं. धोंडबा कारखान्यातले त्यांचे जुने वेल्डर मित्र. दोघांनी मिळून एक दांडा केला. पॅडल टेबलावर आडवे बसवायचे आणि डाव्या हाताशी हा दांडा: पुढे ढकलला की ब्रेक, मागे ओढला की वेग. जेवढा ओढाल तेवढाच. मग डावा हात अडकला, तर स्टिअरिंग एका हातानं फिरवायला ट्रॅक्टरवाले बसवतात तशी एक गोल घुंडी चाकाच्या कडेला लावली.

डिसेंबरात आम्ही पुन्हा उमरेडला गेलो. सीताबर्डीच्या दुकानदारानं काळं परत घेऊन निळ्या रेघेचं दिलं होतं. काकांनी सगळं बसवलं, व्हीलचेअरच्या चाकांना ठोकळे लावले, भावनाच्या कमरेला पट्टा बांधायला रंभाबाईंना सांगितलं आणि स्वतः भिंतीशी जाऊन उभे राहिले.

भावनानं शर्यत लावली नाही. तिनं एका डोंगरगावातला साधा रस्ता निवडला आणि दांडा जरासा मागे ओढला. गाडी हळूच हलली. काटा वीसच्या वर गेला नाही. घरांमधून, एका चढावरून, वळणावर पुरती थांबून, दोन्हीकडे बघून ती गाडी नेत होती. खेळात कोणी माणूस आडवा येत नाही, तरी बघत होती. दहा-पंधरा मिनिटं ती अशीच चालवत राहिली. रंभाबाई पदर तोंडाशी धरून दारात उभ्या होत्या.

मग भावनानं गाडी कडेला लावली आणि म्हणाली, "काका, ब्रेक कडक आहे. शेवटचं बोटभर दाबताच येत नाही."

आभार वगैरे काही नाही, पहिलं वाक्य हे. माझी नजर काकांकडे गेली. कितीतरी महिन्यांत मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं. ते लगबगीनं वही काढत पुढे आले. "कितीक कडक? सुरवातीपासून का शेवटीच? थांब, लिहू दे."

पुढच्या व्हिडिओत काकांनी आधी चूक सांगितली. 'मी हात न लावता सांगितलं होतं, ते चुकलं. ज्यानं त्या भरवशावर घेतलं असेल त्यानं कळवावं.' दीप्ती म्हणाली होती, एवढं सांगायची गरज नाही. त्यांनी तेवढंच दोनदा सांगितलं.

आता 'हात काय म्हणते' मध्ये दोन निकाल असतात, एक काकांचा, एक भावनाचा. स्टिअरिंग आठवडाभर मनीषनगरात राहतं, मग एसटीच्या पार्सलनं उमरेडला जातं. दोघांचं फार जमतं असं नाही. गेल्या महिन्यात आलेलं एक काकांनी नापास केलं, मधात येत नाही म्हणून. भावनानं ते पास केलं. काकांनी फोन लावला तेव्हा मी तिथेच होतो.

"अवं, दोन बोटं सरकते ते!"

"सरकू द्या. मी घुंडीनं चालवतो तसं चालवाले मधात याचं कामच नाही. अन् बटनं मोठी आहेत, घुंडी धरून बोटं आखडली तरी सापडतात. तुमच्या हाताले वाटते ते तुमी लिहा काका, माझ्या हाताले वाटते ते मी लिहितो."

काकांनी फोन ठेवला. "बिलकूल आयकत नाही पोरगी," ते मला म्हणाले आणि वहीत तिचा निकाल आपल्या निकालाच्या वरती उतरवून घेऊ लागले.