पायरीवरचा नारळ

पोदेराकडून पाव घेताना चंद्रावती प्रत्येक पाव दाबून बघायची. गॅसची टाकी आली की आधी हलवून बघायची आणि लग्नाची पत्रिका आली की आपल्याआधी कोणाकोणाला दिली ते विचारायची. तिच्या अंगणातून मांजर गेलं तरी त्याला जबाब द्यावा लागतो, असं पेडण्यात तिच्या वाड्यावर म्हणत.

अशा बाईच्या पायरीवर आषाढापासून अधूनमधून सकाळी नारळ सापडू लागला. कुंकू फासलेला, लाल दोरा गुंडाळलेला. ही करणी कोणाची, याचा चंद्रावतीला विचार करावा लागला नाही. भिंतीपलीकडच्या अर्ध्या घरात तिची जाऊ सुमंगला राहायची. चुली कधीच्या वेगळ्या झाल्या होत्या, पण गणपती अजून एकच बसायचा आणि त्याच्यावरची फळापानांची माटोळी दोघी जावा मिळून बांधायच्या. यंदा मात्र चंद्रावतीने जाहीर केलं, सोमवारी देवळात कौल लावायचा, सगळ्यांदेखत सुमंगलाचं नाव घ्यायचं आणि गणपती वेगळा करायचा.

नवरा कृष्णनाथ म्हणाला, जाऊ दे गो, पोरांनी केलं असेल. तो असंच म्हणणार, हे तिला ठाऊकच होतं. भावजयीची बाजू त्याने कधी सोडली होती?

मग परवा पहाटे मोठी वीज कडाडली आणि उजाडल्यावर पायरीवर पुन्हा नारळ. मुलगा साईश बोटीवर नोकरीला. मागच्या सुट्टीत त्याने दाराला कॅमेऱ्याची घंटी बसवली होती आणि आत भिंतीवर तिचा छोटा पडदा. दारात कोणी हललं की पडद्यावर दिसायचं. तो पडदा विजेने काळा पडला, पण खालचा हिरवा दिवा पेटलेलाच होता.

सून गौरवी तुयेला इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात होती. ती म्हणाली, पडदा मेलाय, पण आतलं यंत्र अडकून जिथल्या तिथे थांबलंय. शेवटचं चित्र त्याच्या आठवणीत असणार. बटण मात्र कोणी बंद करायचं नाही, वीज गेली की आठवण पुसली.

"बंदच कर ती," कृष्णनाथ म्हणाला. "शॉक बिक बसात कोणाक तरी."

चंद्रावतीने स्टूल ओढलं आणि बटणाखाली बसून राहिली.

गौरवीने वायर जोडून आतलं सगळं लॅपटॉपवर उतरवून घेतलं. पण ते चित्र म्हणून उघडेना. नुसतेच आकडे, ती म्हणाली. ओळ कुठे संपते, रंग कुठल्या क्रमाने, काहीच लिहिलेलं नाही. ते आपण ओळखायचं. पहिल्यांदा तिरप्या पट्ट्या आल्या, विणलेल्या झावळीसारख्या. तिने ओळीची रुंदी बदलली तशा पट्ट्या सरळ होत गेल्या, आणि पायरी दिसली. पायरीवर कोणीतरी पाठमोरं वाकलेलं, डोक्यावरून कापड ओढलेलं. कापड निळं.

"सुमंगलाची निळी शाल," चंद्रावती म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता. इतके दिवस धरून ठेवलेलं शेवटी हातात आलं होतं.

"थांब गे मांय. आपला चिरा बघ."

अंगणातला जांभा दगडही निळाच होता. तुळस तेवढी हिरवी. लाल आणि निळ्याची अदलाबदल झालीय, गौरवी म्हणाली आणि तिने काहीतरी टाइप केलं. चिरे तांबडे झाले. कापड केशरी झालं.

चंद्रावतीने सुनेकडे बघितलं. "तुझ्या मनाक येयत तो रंग दितंस?"

"माझ्या नाही. चिऱ्यांच्या."

अंग पुसायचा केशरी तुवालो घरात एकच होता, आणि तो मागल्या दारी दोरीवर वाळत होता. कृष्णनाथ खिडकीबाहेर बघत होता.

"घंटी दाबली तरच दिसता, असा मी समजलंय," तो म्हणाला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तो मंत्रतंत्र करणाऱ्या घाड्याकडे गेला होता. हिला झोप नाही, जेवताना भातातसुद्धा काहीतरी शोधते, असं सांगितलं. घाड्याने नारळ धुपाच्या धुरात भारून दिले होते.

"कित्याक?"

"तुझो संशय उतरुचो म्हणान."

चंद्रावती लॅपटॉपवरच्या वाकलेल्या पाठीकडे बराच वेळ बघत राहिली.

"परत निळो कर," ती सुनेला म्हणाली.

गौरवीने लॅपटॉपवरचे हात काढून घेतले.

तेवढ्यात भिंतीपलीकडून सुमंगलाची हाक आली. माटोळीची फळं आणली आहेत, बांधायला येणार की यंदा मी एकटीच बांधू? कृष्णनाथ बायकोकडे बघत होता, गौरवीही.

"येतंय," चंद्रावतीने ओ दिली.

मागल्या दाराने जाताना तिने दोरीवरचा तुवालो नाकाशी धरला. धुपाचा वास येत होता. तेव्हा कुठे तिला खरं वाटलं.